युनिक्सच्या वाट्याला तेरा एमबी

सांगायला लाज वाटते, पण पंधरा हा आकडा मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सदर भागातल्या एका बियाण्यांच्या ऑफिसात मी कच्च्या नोकरीवर होते. कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट तिथं माझ्या एकटीकडे. नोकरी पक्की झाली तर वडील स्थळं पाहणं वर्षभर थांबवणार होते. नाही तर अकोल्याचा एक मुलगा तयारच बसला होता, आणि मला तो मुळीच नको होता.

मशीनची डिस्क चाळीस एमबीची. आज तेवढ्यात नातवाच्या बारशाचे फोटोसुद्धा मावायचे नाहीत, पण आम्हाला ती चाळीस एकर वाटायची. दोघांना एकाच वेळी काम करता यावं म्हणून तिच्यात युनिक्स ही प्रणाली घालायचं ठरलं.

"किती जागा लागते त्याले?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच हिशेबवाले म्हणाले, "आमाले वीस पाहिजे." गोदामवाले काका उसळले, "मंग आमी काय उकिरड्यावर बसाचं?" झालं! साहेब उमरेडकडचे, घरी भावाभावांच्या वाटण्या करून नुकतेच परतलेले. त्यांनी इथंही तिघांना सारखं वाटलं. तेरा हिशेबाला, तेरा गोदामाला, तेरा युनिक्सला. उरलेला एक मालकांच्या मानाचा.

"बरोबर आहे ना, बाई?"

"हो साहेब."

काय माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं? पण नव्या माणसानं मोठ्यांचं चुकलं म्हणू नये, असं घरून शिकवून पाठवलं होतं ना!

युनिक्स आलं तीन महिन्यांनी, एकवीस फ्लॉप्यांवर. एकेक घालत गेले. अठराव्या फ्लॉपीला मशीन म्हणालं, जागा संपली.

"मंग धुरा सरकवा ना थोडा," साहेब शांतपणे म्हणाले. "वावरात नाही का सरकवत?"

"साहेब, हा बांध सरकवला की शेजाऱ्याचं सगळं पीक जातं, टाइप केलेलं सगळं पुसलं जातं."

"काहून?"

"तसंच आहे ते."

मग पंचायत बसली. तर्रीपोहे आले. हिशेबवाले म्हणाले, सुईच्या टोकाएवढी जागा देणार नाही. काकांनी तर तीन महिने एका बोटानं सगळा गोदामाचा साठा टाइप केला होता. फ्लॉप्यांवर त्याची नक्कल होती, पण खंडेनवमीला काकांनी प्रत्येक फ्लॉपीला भक्तिभावानं हळदकुंकू लावलेलं, नेमकं उघड्या फटीत. त्या सगळ्या बाद झाल्या होत्या, आणि नव्या यायला आठवडा लागणार होता.

"शनिवारी मालक येऊन राहिले," साहेब माझ्याकडे पाहत म्हणाले. "हे चाललं नाही तर तुमच्या पक्क्या नोकरीच्या पत्रावर सही करा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू मी त्याहिले?"

मला रडूच कोसळलं. "साहेब, पंधरा लागतात हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"मंग तवा काहून नाही बोलल्या?"

"तुम्ही 'बरोबर आहे ना' विचारलं, तोवर वाटणी होऊन गेली होती."

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"पुसा माझं."

"काका, तीन महिन्यांची मेहनत!"

"दोन हात धुऱ्यापायी भावासंगं अठरा वर्षं कोर्टात गेलो मी, पोरी. तो मेला अन् केस माझ्या बाजूनं लागली. आता तिथं नुसत्या बाभळी आहेत. पुस."

मी बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत युनिक्सच्या एकवीसच्या एकवीस फ्लॉप्या आत गेल्या.

शनिवारी मालक आले, खूश झाले, माझ्या पत्रावर सही केली. ऑफिस पेढे खात होतं. काका मात्र मशीनसमोर रजिस्टरचं पहिलं पान उघडून एका बोटानं अक्षरं शोधत बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र पर्समध्ये कोंबलं, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सरका काका. तुम्ही वाचा, मी टाइप करते."

ते बाजूला सरकले. त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं.

"तू उशिरा का होईना, पण बोलली, बरं झालं," ते म्हणाले. "मी नाही बोललो भावासंगं शेवटपर्यंत."