आईच्या माथी मारलेला शब्द

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही. तुले सांगून राहिलो, तर मध्ये काही विचारू नको बापा — एकदा थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

मी लोखंडाचे शब्द बनवतो. सिलतऱ्याच्या कारखान्यांतून भंगार आणतो, अक्षरं कापतो, वर शिरोरेघेची सळई वेल्ड करतो. लोकं ती सळई धरून शब्द उचलतात. जो शब्द माणसाले जास्त लागला, तो मी जास्त जड करतो. समता कॉलोनीतल्या हॉलमध्ये प्रदर्शन लावलं, तेव्हा सगळ्यात जड होता — ‘पांढऱ्या पायाची’. दोन हातांशिवाय हलतच नव्हता.

कोणाले लागला होता? माझ्या वहिनीले. लग्नाले वर्षही झालं नव्हतं अन् दादा प्लांटमधल्या अपघातात गेला. तेरवीच्या दिवशी पुरानी बस्तीतल्या घरी ती स्वयंपाकघरात एकटीच बसली होती. तिथं तिले हे ऐकवलं गेलं.

प्रदर्शनात लोकं विचारायचे, भैया, किसने कहा था? मी सांगायचो — माझ्या आईनं. सासूच ती! कोणाले नवल वाटणार? बायका डोळे पुसायच्या, माणसं माझी पाठ थोपटायची. अन् आई तर केव्हाच वारलेली. ती कुठून येणार होती नाही म्हणायले?

अरे, आईनं तर तिले कधी सून म्हटलंच नाही, ‘माझी पोट्टी’च म्हणायची. दादा गेल्यावर कित्येक दिवस तिले आपल्या ताटात घेऊन जेवली. लोकांची तोंडं तिनंच बंद केली.

मग कोणी म्हटलं? मी. मीच म्हटलं होतं — दारात उभं राहून, तिच्या तोंडावर. दुःख होतं म्हणू? दुःख तर तिलेही होतं. तिनं पदर पुढे ओढला अन् भाजी चिरत राहिली.

शेवटच्या दिवशी वहिनी प्रदर्शनाले आली. मी शाळेच्या पोरींले आईची गोष्ट सांगून राहिलो होतो, ती मागे उभी राहिलेली मले दिसलीच नाही. पोरी गेल्यावर जवळ आली. त्या लोखंडाले हातही लावला नाही तिनं. हळूच म्हणाली, “भाऊजी, तुम्ही मले म्हटलं, ते म्हटलं. आईचं नाव काहून घेतलं?”

माफी मागितली का मी? नाही. तेवढ्यात दुसरी माणसं आली. त्यांनीही तेच विचारलं — किसने कहा था? वहिनी माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती.

अन् मी, तिच्यासमोर, पुन्हा आईचंच नाव सांगितलं.