कोऱ्या भागातली गाणी

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ती कागद मागायची. त्यावर लांबट चौकोन काढायची, मध्ये रेघा ओढायची आणि म्हणायची, "सर, आधी कागदावर. डिस्कवर खोडरबर चालत नाय."

ती जव्हारजवळच्या साखरशेतची. ठाण्याच्या एका दुकानात दुरुस्ती शिकून जव्हारला परतलेली. तिशीची, मितभाषी. मी खोडाळ्याजवळच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक होतो आणि शाळेत धड चालणारा कॉम्प्युटर एकच. निकालपत्रकांचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चाले. मुलांना शिकवायला ती येई, त्यासाठी तिला लिनक्स ही दुसरी, मोफत प्रणाली हवी होती.

"एकाला हाकलून दुसऱ्याला कशाला बसवायचं? दोघं नांदतील की!" ती म्हणाली.

तिने डिस्कचे भाग पाडले. मशीन सुरू केलं की पडदा विचारायचा, कुठे जायचं? लिनक्सच्या भागात आम्ही पाड्यावरच्या आज्यांची भातलावणीची गाणी साठवली. मुलांच्या घरच्या बोलीतली.

नको तिथे हात घालणारा एखादा शहाणा तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे तो मी होतो. एकदा विंडोजमध्ये जागा कमी पडली. एक बिननावाचा, कोरा वाटणारा भाग दिसला. मी तो उडवला. मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ.

तेव्हा उमगलं, की विंडोजला वाचता न येणारा तो लिनक्सचाच भाग होता; गाणी त्यातच होती. गाणाऱ्यांपैकी एक, आमच्या स्वयंपाकीणबाईंची आई, उन्हाळ्यात वारली होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मी दुरुस्तीवालीला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, "नंतर काय केलंत?"

"काही नाही. घाबरून बंद केलं."

"बरं केलंत. आता बटणाला शिवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने ती आली. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. "गाणी पुसली नसतील, सर. भाग कुठून कुठपर्यंत होता, ती नोंद गेलीय. ती शोधायची."

मला धड बसवेना, धड उभं राहवेना. तासाभराने हरवलेला भाग पडद्यावर उमटला. तिने कळ दाबली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि एक गाणं लावलं. खरखर झाली, मागे कोंबडा आरवला आणि आजी गाऊ लागली.

स्वयंपाकीणबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "ही तं माझी आय!"

ती उठली आणि आपली खुर्ची त्यांना दिली. कालपासून माझ्या छातीवर बसलेला धोंडा त्या क्षणी उतरला.

मी माफी मागू लागलो, तर म्हणाली, "चूक माझी. भागाला नावच दिलं नव्हतं." मग तिने नाव घातलं, 'आज्यांची गाणी', आणि बाईंच्या फोनमध्ये सगळी उतरवून दिली.

आता ती नाशिकला नोकरी करते. आमच्याकडे येणं होत नाही.

मला आठवतो तो त्या दुपारचा निरोप. जीपचा दांडा धरून ती चढता चढता थांबली.

"काय झालं?"

"गाणी मिळतील याची मला पण खात्री नव्हती, सर," ती म्हणाली आणि खळखळून हसली. तिला तसं हसताना मी प्रथमच पाहत होतो. जीप मोखाड्याच्या वळणाला लागली, तरी ती हसतच होती.