फायलीवाले वैद्य सर

आमच्या कॉलेजात कपाटं दोन आणि किस्से दोनशे! फायली तरी कमिटी येऊन गेली की रद्दीत जातात. किस्से तसेच स्टाफरूममध्ये पडून राहतात आणि रोज चहासोबत एखादा निघतोच. मी जबलपूरला बावीस वर्षं इतिहास शिकवते. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि फिजिक्सचे वैद्य सर. त्यामुळे बहुतेक किस्से त्यांचेच. बिचारे!

*

कॉलेजला ग्रेड द्यायला कमिटी येणार होती. सगळे कागद गोळा करायचं काम वैद्य सरांच्या गळ्यात पडलं. त्यातच नवा नियम निघाला. जे काही कराल त्याचा जागा आणि वेळ दाखवणारा फोटो कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका! लेक्चर घेतलं, फोटो. झाड लावलं, फोटो.

एका रविवारी दुपारी सरांच्या महाराजपूरच्या घरी वहिनींनी त्यांना भरली वांगी वाढली. सर उभे राहिले, ताटाचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मग जेवायला बसले.

वहिनी म्हणाल्या, "अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"सवय झाली गं!"

दोन मिनिटांत कोऑर्डिनेटरचा मेसेज आला, "सर, इसमें प्रतिभागी नहीं दिख रहे. दोबारा भेजिए."

प्रतिभागी म्हणजे भाग घेणारे. वहिनींना वांग्यांशेजारी उभं राहावं लागलं!

*

आम्ही फार थकलो आहोत, हे वरपर्यंत पोचलं बरं का. लगेच तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली. कधी? रविवारी! जो येणार नाही त्याला नोटीस.

बाहेरून आलेले वक्ते म्हणाले, "आँखें बंद कीजिए. पाँच मिनट कुछ मत कीजिए."

असं आम्हाला कित्येक महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं हो! पाच मिनिटांनी ते म्हणाले, "अब खोलिए." एकानेही डोळे उघडले नाहीत. वैद्य सर तर चक्क घोरत होते. वक्ता माणूस भला होता. त्यानेही खुर्ची ओढली आणि डोळे मिटले.

अहवालात छापून आलं, "प्रतिभागी विषय में गहरे डूब गए."

*

मग एक रिसर्च करणारी मुलगी आली. प्राध्यापक का थकतात, हा तिचा विषय. मी म्हटलं, बस इथेच, चहा घे, तुझी अर्धी थीसिस या खोलीतच होऊन जाईल.

तिच्या फॉर्मवर प्रश्न होते, "क्या आप भीतर से खाली महसूस करते हैं? कभी नहीं, कभी-कभी, हमेशा." वैद्य सरांनी न वाचता खटाखट खुणा केल्या आणि विचारलं, "बेटा, तीन प्रति में देना है?"

आम्ही सगळे खो खो हसलो. मुलीने कागद तपासला. "सर, यह एक रह गया."

तो प्रश्न होता, पढ़ाना आपको अब भी अच्छा लगता है?

"यह बाद में भरता हूँ," सर म्हणाले. तो कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे.

*

यातला पुढचा किस्सा मी हसत सांगते, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. पाटनहून रोज बसने येणारी फर्स्ट इयरची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. तीन आठवडे तिच्या वर्गात फिजिक्स शिकवायला कोणीच आलं नव्हतं. वैद्य सर फायलींच्या मागे बसलेले.

तिने अगदी साधेपणाने विचारलं, "सर, आप पढ़ाते भी हैं, कि बस फाइल वाले सर हैं?"

सर हसले. म्हणाले, "आएँगे बेटा, आएँगे." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आठवड्याभराने मला हळूच म्हणाले, "ताई, मी व्हीआरएसचा अर्ज टाकून राहिलो."

"काहून? नोकरीची आठ वर्षं आहेत अजून तुमची!"

"मला शिकवायचं होतं ताई. फायली लावायला कोणीही मिळेल."

मला इतका राग आला! सरांचा नाही, सगळ्याचाच. हा माणूस भिंग आणि मेणबत्ती घेऊन वर्गात शिरायचा तेव्हा शेजारच्या वर्गातली माझी मुलं खिडकीशी जायची. पण बोलणार काय? अर्जात त्यांनी कारण लिहिलं, "व्यक्तिगत." आणि तो ऑफिसात देऊन आले.

*

आता ऐका. आमच्याकडे स्टाफचा कोणताही अर्ज प्रिन्सिपलकडे जाण्याआधी छाननीला जातो. रजेचा असो, बदलीचा असो. आणि छाननी कोणाकडे? वैद्य सरांकडे! बाबूने त्यांचाही अर्ज गठ्ठ्यात घातला. सर एका कानाला फोन लावून, नावं न बघताच गठ्ठा उरकत होते.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलांनी त्यांना बोलावलं. मी एका सहीसाठी तिथेच उभी होते.

"वैद्य जी, आपका आवेदन तो वापस हो गया!"

"किसने किया?"

प्रिन्सिपलांनी कागद पुढे सरकवला. खाली लाल शाईत लिहिलं होतं, "कारण स्पष्ट नहीं. विचार करके पुनः प्रस्तुत करें." त्याखाली सही. वैद्य सरांची!

सरांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, परत एकदा वाचलं.

"लिखा तो ठीक है, सर," ते म्हणाले.

कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चलो ताई, साडेअकराचं लेक्चर आहे माझं."

"वैद्य जी, और कमिटी की फाइलें?" प्रिन्सिपलांनी मागून विचारलं.

सर जिन्यावर पोचले होते.