शंकरपाळ्याला तिसरा बाण

अर्जुनानंतर बाणांवर इतका जीव टाकणारा माणूस पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. फरक एवढाच की याचे बाण कागदावर असतात आणि ते आजवर कुणालाही लागलेले नाहीत, एक माझ्या बायकोच्या डोक्याला सोडून. मोबाइलवरचं ॲप वापरणारा माणूस कुठून आत शिरेल, कोणतं बटण दाबेल, कुठे अडखळेल आणि कुठे कंटाळून बाहेर पडेल, हे ॲप बनवण्याआधी चौकोन आणि बाण काढून ठरवायचं, हा त्याचा धंदा. त्याला ते लोक ‘यूजर फ्लो’ म्हणतात. जिथे प्रश्न येतो तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट काढतात आणि तिच्यातून दोन बाण फुटतात: एक ‘होय’, एक ‘नाही’. शिवाय काम दर पंधरवड्याला थोडं थोडं करून दाखवायचं असतं, त्यामुळे एकादशीसारखा त्याचा ‘डेमो’ येतो आणि त्या दिवशी तो उपाशीच असतो.

हे सगळं त्याने पर्वरीच्या ऑफिसात करावं, आमची हरकत नव्हती. पण डिचोलीला आमच्याकडे आला की चपला काढण्याआधी तो दारातच थबकायचा. “भाओजी, येणाऱ्याला चपला कुठे काढायच्या ते कळत नाही. इथे माणूस कंटाळून गळतो.” एका रविवारी तो बहिणीमागे वही घेऊन स्वयंपाकघरात हिंडला. एका चहाला ती सतरा पावलं चालते असा शोध लावून त्याने साखरेचा डबा गॅसजवळ आणून ठेवला. त्या दिवशी आम्ही मीठ घातलेला चहा प्यालो. “आनी एक डबो हालयलोस जाल्यार तुका ह्या घरांत चाय ना!” बहिणीने निकाल दिला. त्याने शांतपणे वहीत लिहिलं, ‘वापरणारी सवयीने चालते, डोळ्यांनी नव्हे.’

पण माणूस वेडा असला तरी त्याची एक गोष्ट फार शहाणी होती. सहा वर्षं बेंगळुरूत काढून तो गोव्यात परत आला होता, कारण पार्सेच्या घरात त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्या पडल्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणतात. बेंगळुरूच्या साहेबांनी त्याला पर्वरीत बसू दिलं ते एका अटीवर: इथल्या लोकांसाठी एक ॲप चालवून दाखव, नाहीतर ऑफिस बंद आणि तू परत इकडे. मेहुण्याने विषय निवडला पाडेली. माडावर चढून नारळ पाडणारा हा माणूस आमच्याकडे आता देवाहून दुर्मीळ झाला आहे. घरच्या बाईने बटण दाबायचं, पाडेलीच्या मोबाइलवर प्रश्न उमटणार, ‘उद्या येणार?’ आणि खाली होय, नाही. चाचणीसाठी यादीत दोनच पाडेली होते. एक गावातला बुधो, आणि दुसरा खुद्द मेहुणा, ज्याचे पाय स्टुलावर चढतानाही लटपटतात.

बुधोने बटण दाबलंच नाही. मेहुण्याने बटण मोठं केलं, हिरवं केलं, पुढच्या पंधरवड्याला आणखी मोठं केलं. शेवटी ते एवढं झालं की त्यावर भाकरी थापता आली असती. बुधो आपला मोबाइलकडे बघत बसायचा.

“दाब मरे!”

“कितें दाबूं?”

“येतलो जाल्यार होय, ना जाल्यार नाही.”

“येतलों मरे,” बुधो म्हणायचा. “पूण पळोवया.” म्हणजे येईन, पण बघूया.

मग मेहुणा दोन आठवडे वही घेऊन बुधोच्या मागे माडामाडाखाली बसला आणि डोक्यावर नारळ न पडता परत आला. त्याला उलगडा झाला होता. ज्या घराच्या माडांवर बाप चढला, त्या घराला ‘नाही’ कसं म्हणायचं? आणि वारा सुटेल, गुडघा धरेल, वाड्यावर कुणी वारेल, तेव्हा छातीठोक ‘होय’ तरी कसं म्हणायचं? म्हणून ‘पळोवया’. आणि पळोवया म्हणून बुधो एकदाही आला नाही असं झालं नव्हतं. फक्त कधी, ते त्याचं त्याला ठाऊक. मेहुण्याने शंकरपाळ्याला तिसरा बाण काढला. ऑफिसातली पोरं हादरली. “असं कुठल्याही पुस्तकात नाही!” तो म्हणाला, “पुस्तक माडावर चढतं काय?”

शेवटचा डेमो माईंच्या अंगणात झाला. स्टुलावर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये बेंगळुरूचे साहेब. माईंनी बटण दाबलं. बुधोने क्षणात तिसरं बटण दाबलं आणि माईंच्या मोबाइलवर अक्षरं उमटली: ‘पाडेली मनाने निघाला आहे. चहा ठेवा.’

“पण तो येणार की नाही?” साहेबांनी विचारलं. मेहुण्याने वही उघडली. तेवढ्यात माई लॅपटॉपवर वाकल्या. “आरे पुता, पळोवया म्हणजे येतलो मरे!” मेहुण्याने भाषांतर केलं. साहेब खो खो हसले. त्यांच्या गावची माणसंही अशीच बोलत होती म्हणे.

ॲप पास झालं. इतकं पास झालं, की साहेब म्हणाले, असा माणूस पर्वरीत कशाला, तू बेंगळुरूला येऊन सगळीच ॲप बघ, येशील ना? सहा महिने बुधोच्या तोंडून ‘नाही’ काढायला झटलेल्या त्या माणसाच्या तोंडून साहेबांपुढे ते काही निघेना. सगळे बाण काढले, हाच तेवढा काढायचा राहिला होता. तो बेंगळुरूला गेला.

परवा, गणपतीच्या चवथीच्या आधी मी पार्सेला गेलो. भिंतीवर त्याचा तीन बाणांचा कागद अजून चिकटवलेला होता. माई मोबाइल घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

“बुधोला बोलावलंत?” मी विचारलं.

“बुधो काल येवन गेलो,” त्या म्हणाल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. यादीतला दुसरा पाडेली बोलावला होता. उत्तर आलं होतं: पळोवया. खाली तेच वाक्य, चहा ठेवा.

माई उठून आत गेल्या. आम्ही दोघंच होतो, पण आतून कप काढल्याचे आवाज मी मोजले. तीन होते.