अल्मोड्याला जायची कारणं

मनकर्णाला अल्मोड्याला जायचं होतं. ही गोष्ट साऱ्या आष्टीला ठाऊक झाली होती, आणि का जायचं ते कोणालाच कळत नव्हतं, कारण विचारेल त्याला ती वेगळं कारण सांगे.

शेजारच्या शकुबाईला तिनं सांगितलं, तिथली तांब्याची भांडी तीन पिढ्या झिजत नाहीत. बाजारात कोणी हटकलं तर नंदादेवीचा नवस. जावेला सांगितलं, तिथल्या हवेनं धरलेले गुडघे सुटतात. सगळी कारणं अच्युत गुरुजींच्या ओट्यावर मिळवलेली. गुरुजी शाळेच्या कपाटातलं पुस्तक काढून वाचून दाखवत: घोड्याच्या खोगिरासारख्या डोंगरावर वसलेलं लहानसं शहर, जुन्या राजांची राजधानी, दगडी फरशांचा बाजार, कोरलेल्या लाकडी खिडक्या, आणि आभाळ उघडलं की समोर बर्फाची रांग.

"सगळं तर पाठ झालं तुम्हांला, बाई. आता जायची गरज काय?" गुरुजी हसले.

"भाकरीचं वर्णन आयकून पोट भरते काय, गुरुजी?"

खरं कारण फक्त प्रेमदास कासाराला माहीत होतं. त्यानंच ते आणलं होतं. मागल्या वर्षी बद्रीकेदारहून परतताना तो अल्मोड्याला थांबला होता. कासाराची जात, म्हणून तांबटांची गल्ली पाहायला गेला. तिथं एक माणूस लादलेली खेचरं हाकत चढ चढत होता. अंगावर पहाडी कोट, डोक्यावर टोपी. एक खेचर अडलं, तेव्हा त्या माणसानं टाळूला जीभ लावून जो आवाज काढला, तो वखराचा बैल अडला की आष्टीच्या शिवारात काढतात तो. प्रेमदासनं हाक मारली, "हरिदासभाऊ!" माणूस थांबला. वळला मात्र नाही. मग खेचरं दामटत निघून गेला.

मनकर्णाच्या हातात बांगड्या भरताना प्रेमदासनं हे हळूच सांगितलं होतं. बांगडी मुठीवरच अडकून राहिली. किती तरी वेळ दोघांनीही ती ना पुढे सारली, ना काढली.

हरिदास तिचा नवरा. बेचाळीसच्या नागपंचमीला गावात उठाव झाला, मागोमाग घरोघर झडत्या सुरू झाल्या, आणि हरिदास मागल्या दारानं शेताकडे गेला तो आलाच नाही. पुढे पकडलेले सुटून आले. स्वराज्य आलं, लपायचं कारणच उरलं नाही. तेव्हापासून दर झेंडावंदनाला मनकर्णासाठी पहिल्या रांगेत खुर्ची असे, आणि हरिदासच्या नावाचा हार तिच्या हातात देत. तो मेला असेल तर देशासाठी मेला होता. जिवंत असेल तर बायको टाकून गेलेला एक माणूस होता, बस. हे कारण कोणत्या तोंडानं सांगायचं?

चौपन्नच्या आषाढात धाकटा दीर रूपराव तिच्यासमोर येऊन बसला.

"वहिनी, यंदा बारा वर्सं भरतेत. आपले भटजी, भैयाजी महाराज, म्हणतेत, मेला धरून आता त्याचा पुतळा जाळा लागते. माह्या मीराले पाहून दोन सोयरे परतले. ज्या घरचा माणूस ना जिता ना मेला, त्या घरची पोरगी लोक काऊन करतीन?"

"अन् माह्या कुंकवाचं काय?"

रूपराव जमीन उकरत राहिला. "त्याची खबर असन त सांगा. आत्ता उठतो अन् त्याले आणाले जातो."

शब्द अगदी ओठांवर आले होते. ती म्हणाली, "मले एकदा अल्मोड्याले जाऊन येऊ द्या. मंग करा."

"काऊन पण?"

"तिथं तांब्याचे भांडे..."

"भांडे!" रूपराव ताडकन उठला. "इथं माह्या भावाची माती व्हाची राह्यली, अन् तुम्हाले भांडे सुचून राह्यले? कुंकवाची बाई एकटी परमुलखात पाठवीन, त गाव माह्या तोंडात शेण घालन!"

श्रावणात पुतळ्याची तयारी झाली. पळसाची तीनशे साठ पानं लागतात. डोक्याच्या जागी नारळ. मनकर्णा आणि मीरा पानं मोजायला बसल्या. मीरा मान खाली घालून मोजत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मोठी आई, माह्यापायी होऊन राह्यलं हे."

"मोज तू. आकडा चुकन."

पुतळ्याशेजारी उभं राहून भैयाजी महाराजांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हरिदासाची कोणाले काई खबर आहे?" गर्दीत प्रेमदास होता. त्यानं तोंड उघडलं. मनकर्णानं पदराआडून मान हलवली: नको. महाराजांनी तीनदा विचारलं. तीनही वेळा फक्त माश्यांचा आवाज होता.

पुतळा जळला. तिचं कपाळ पुसलं गेलं.

दसऱ्याआधी मीराचं लग्न ठरलं. मग एक दिवस रूपराव स्वतःच म्हणाला, "वहिनी, तीर्थाले जाऊन या आता. कोणी काई म्हणत नाई." आणि खरंच, गावात एकानंही कारण विचारलं नाही. रांडमुंड बाई देवाला निघाली, एवढं पुरे होतं. जमवलेली सगळी कारणं जुन्या चिंध्यांसारखी पडून राहिली.

मोटारीच्या अड्ड्यावर प्रेमदास तिला पोचवायला आला. तिच्या मोकळ्या मनगटांकडे त्याला पाहवेना.

"बाई, माह्या डोयाचा भरोसा नाई. दुसराच कोणी निघाला त?"

मनकर्णानं गाठोडं सोडलं. लुगड्याच्या घडीत पळसाचं एक पान होतं. वाळलेलं, कडांना चिरलेलं.

"त हे तिथंच जाळीन."

"म्हंजे पुतळ्यात..."

"तीनशे एकोणसाठ. मोजता मोजता हातानं एक मांडीखाली सारलं. मले इचारलं नाई त्यानं."

"अवं बाई, मीराचं लगन मार्गशीर्षात हाये! इधी अपुरा राह्यला, अन् पोरीचं काई वाईट झालं त?"

"म्हून त निघाली. झोप येत नाई मले."

मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. ती चढली, गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. प्रेमदास खालून म्हणाला, "अन् हरिदासभाऊच असले त?"

तिनं पानावरची लुगड्याची घडी सारखी केली.

"त त्याच्या हाती देईन. म्हणीन, एवढंच उरलं होतं तुमचं. घ्या, अन् तुम्हीच सांगा, जाळू का ठेवू."