अर्धा शेंगदाणा

श्रीगोंद्यात माझं मेडिकलचं दुकान आहे, आणि मेडिकलवाल्याचं जे होऊ नये ते माझं झालं होतं. लोक मला डॉक्टर म्हणायला लागले होते. "डॉक्टर, गुडघा लई ठणकतोय, काय तरी द्या," असं म्हणत म्हातारी माणसं दुकानातल्या बाकड्यावर टेकायची. सुरुवातीला मी सांगायचो, "अहो, मी डॉक्टर नाही." पुढं पुढं सांगायचं सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड वाटायचं. त्यात माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट. गोळीबरोबर सल्ला द्यायचा आणि सल्ला ऐकला नाही की गिऱ्हाइकावरच डाफरायचं, ही माझी पद्धत. गिऱ्हाईक हसून पायरी उतरून जायचं. घरच्यांना तशी सोय नव्हती.

घरात तेव्हा आई, बायको आणि आमच्या दोन मुली. थोरली पाच वर्षांची, धाकटी दीड वर्षाची. थोरलीला बहिणीचं भारी कौतुक. तिचं झबलं, तिची बाटली, तिची झोप, सगळ्याची चौकशी ही करणार. कुणी धाकटीला जरा जास्त वेळ कडेवर घेतलं तर, "आता द्या ना आमची आम्हाला," असं म्हणून मोकळी व्हायची.

संक्रांत झाली आणि आईनं धाकटीच्या बोरन्हाणाचा घाट घातला. काळं झबलं आलं, हलव्याचे दागिने आले. परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या आणि शेंगदाणे. आळीतल्या बायका आपापली पोरं घेऊन जमल्या. मी दुकानातून तासाभरासाठी घरी आलो होतो. परातीतले दाणे बघितले आणि माझं डोकं फिरलं. लहान मुलांच्या घशात दाणा अडकतो, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला सांगतो, आणि माझ्याच घरात हे. मी परात पुढ्यात ओढली आणि एकेक दाणा वेचून काढायला बसलो.

आई म्हणाली, "आरं, बोरन्हाण हाय का औषधाचा डोस? तुला घातलं तवा काय झालं? चांगला घोड्यासारखा हाईस की."

मी ऐकलं नाही. शेवटी तिचा मान ठेवायचा म्हणून भुईमुगाच्या शेंगा तेवढ्या राहू दिल्या. टरफलात दाणा बंद असतो, दीड वर्षाचं पोर काही तो फोडून खात नाही, असा मी हिशेब केला. हिशेब बरोबर होता. फक्त घरात पाच वर्षांची एक बहीणही आहे, हे मी त्यात धरलं नव्हतं.

उठताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "हिच्या तोंडात कुणी दाणा घातला तर हात मोडून हातात देईन."

बायका हसल्या. माझं बोलणंच तसं आहे, हे आळीला ठाऊक आहे. दुकानाच्या शटरशी खेळणाऱ्या पोरांना मी दिवसातून दहा वेळा हेच म्हणतो आणि ती मला वेडावून पळतात. थोरली तिथंच उभी होती, लूट गोळा करायला हातात वाटी घेऊन. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. गिऱ्हाइकांची वेळ झाली होती, धाकटीचा एक फोटो काढला आणि निघालो.

दोन दिवसांनी धाकटीला खोकला सुरू झाला. थंडी होती, साखर कारखान्यांचा सीझन ऐन भरात होता, हवेत धूर आणि मळीचा वास. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं खोकल्याचीच यायची. मग आमच्या पोरीलाच काय वेगळं होणार? मी एक बाटली घरी नेली. आठवड्यानं दुसरी नेली. त्यानंतर वाफेचं मशीनच नेलं. गावातल्या मुलांच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, खोकला आहे, ताप नाही, खेळतेय. माझ्या सांगण्यावर त्यांचा भरवसा. म्हणाले, आहे ते चालू ठेवा, पण कमी झालं नाही तर घेऊन या. त्यातलं पहिलं तेवढं मी लक्षात ठेवलं.

बायकोला मात्र चैन पडत नव्हतं. धाकटी तिच्या खांद्यावर झोपायची, त्यामुळं तिला जे ऐकू यायचं ते मला यायचं नाही. एकदा म्हणाली, "अहो, हिच्या पाठीला कान लावून बघा. उजवीकडे शिट्टीसारखं वाजतंय. डावीकडे नाही."

"बाळदमा असेल. दम्यात वाजतंच."

"एकाच बाजूला?"

"आता तू मला शिकव."

"शिकवत नाही. ऐकू येतंय ते सांगतेय," असं म्हणून ती धाकटीला घेऊन आत गेली. मी कान लावून बघितला नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ते मी का केलं नाही, याचं उत्तर मला चांगलं माहीत आहे. बायको म्हणते तसं निघालं असतं तर मग मी कसला डॉक्टर?

त्या तीन आठवड्यांत थोरली फार शहाण्यासारखी वागायला लागली होती. भांडण नाही, हट्ट नाही. धाकटी खोकली की ही हातातलं खेळणं टाकून तिच्याजवळ जाऊन बसायची. जेवताना दाण्याची चटणी ताटातून बाजूला सारायची. मी बायकोला म्हणालो, "बघ, थोरली किती समंजस झाली." तिला जवळ घेऊन शाबासकीही दिली. ती अंग चोरून उभी राहिली, आणि मला वाटलं, लाजतेय.

मग एका दुपारी बायकोचा फोन आला. धाकटीला ताप चढला होता आणि श्वास घेताना तिच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या. दुकान तसंच उघडं टाकून मी घरी धावलो. पोरीचे निळसर ओठ बघितले आणि माझी सगळी डॉक्टरकी पायाला पाय लावून पळाली. समोर नुसता घाबरलेला बाप उरला. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच नगरला न्यायला सांगितलं. आई त्या आठवड्यात कोपरगावला माझ्या बहिणीकडे गेली होती, त्यामुळं थोरलीलाही गाडीत घ्यावं लागलं. आई घरी असती तर थोरली तिच्याजवळ राहिली असती. पुढं काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, वर गाणी लावलेली, बाजू द्यायचं नाव नाही. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. बायको मागं बसून धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि श्वास मोजत होती. केडगावच्या अलीकडे ती म्हणाली, "हॉर्न नका वाजवू. मला ऐकू येत नाही." मग मी हॉर्न वाजवला नाही.

नगरच्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला आणि तो उजेडाच्या पेटीवर लावून आम्हाला दाखवला. उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जास्त फुगलं होतं. "दाट कफानं असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या, "किंवा नळीत काहीतरी अडकलेलं असतं. गेल्या महिनाभरात हिला अचानक मोठा ठसका लागला होता का? शेंगदाणा, हरभरा, असं काही तोंडात गेलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"नीट आठवून सांगा. तसं झालं असेल तर आत्ताच दुर्बीण घालून बघायला हवं. नसेल तर एवढ्या लहान मुलीला उगाच भूल द्यायची माझी इच्छा नाही. मग दोन दिवस औषधावर ठेवू आणि वाट बघू."

"मॅडम, आमच्या घरात ते शक्यच नाही. मी स्वतः मेडिकलवाला आहे. दाणे मी माझ्या हातानं वेचून काढतो."

बाईंनी मान हलवली आणि औषधं लिहायला घेतली.

"मी दिला होता."

थोरली वजनकाट्याशी उभी होती. दोन्ही हात तिनं स्वेटरच्या आत घेऊन काखेत धरले होते, रिकाम्या बाह्या लोंबत होत्या. थंडी वाजत असेल असं मला वाटलं.

बाईंनी पेन ठेवलं. "काय दिलंस बाळा?"

"शेंगदाणा. बोरन्हाणाला. शेंग फोडून." मग खाली बघत म्हणाली, "अर्धाच दिला. ती लहान आहे म्हणून."

"मग काय झालं?"

"तिला ठसका लागला. लाल लाल झाली. मग रडायला लागली. सगळ्या म्हणाल्या, बोरं लागली म्हणून रडतेय."

"अगं, मग इतके दिवस..." माझा आवाज निघाला तो दुकानातलाच. ती झटकन आईच्या मागं गेली. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा." आणि वाकून तिला म्हणाल्या, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता मला कुठं बघायचं ते कळलं."

धाकटीला आत नेलं. बायको ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशीच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. मी आणि थोरली बाहेरच्या बाकावर. अख्ख्या गावाला सल्ले देणारा माणूस मी, पण शेजारी बसलेल्या पोरीला साधं 'पाणी पितेस का' हेही विचारता येईना.

शेवटी तीच बोलली. "पप्पा, कोणता?"

"कोणता काय?"

"हात."

मला कळलं नाही. तिनं स्वेटरमधून डावा हात बाहेर काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. "हा चालेल का? त्या दुसऱ्यानं लिहायचं असतं," असं म्हणून उजवा तिनं काखेत आणखी आत घेतला.

तीन आठवडे माझी पोर हे घेऊन हिंडत होती. बहीण खोकली की हिला दाणा आठवत होता आणि माझा आवाज ऐकला की हात. जेवताना, झोपताना, मी शाबासकी दिली तेव्हाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्या बाकावर लपवण्यासारखं माझं काही उरलंच नव्हतं.

"पप्पा असे हात मोडत नसतात गं," मी म्हणालो.

"मग तुम्ही म्हणालात का?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण हे दोन शब्द घरात कुणी माझ्या तोंडून ऐकलेले नव्हते. तिनं फक्त "हं" केलं. डावा हात माझ्या हातात राहू दिला, उजवा काही बाहेर काढला नाही.

अर्ध्या तासानं बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. तिच्यात पाण्यानं फुगून मऊ झालेला अर्धा शेंगदाणा होता. मधोमध दुभागलेला, ज्या बोटांनी तो नीट अर्धा केला ती बोटं मला त्यात दिसत होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर फुप्फुसच बिघडलं असतं, असं बाई म्हणाल्या. ती बाटली त्यांनी आधी थोरलीला दाखवली, मग आम्हाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. बायकोनं एका शब्दानं मला टोचलं नाही. तिनं टोचलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर धाकटी झोपली तेव्हा मी तिच्या पाठीला कान लावला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. दोन्हीकडे नुसता श्वास होता. बायको दारातून बघत होती. "येतंय ऐकू?" एवढंच तिनं विचारलं.

त्यानंतर मी दुकानात डॉक्टरकी बंद केली. कुणी गुडघा दाखवला की समोरच्या दवाखान्याकडे बोट करतो. काही जुनी गिऱ्हाइकं रुसली. तापटपणा मात्र गेला नाही, माणूस एवढा बदलत नाही. 'हात मोडीन' हे तोंडातून गेलं, बाकीचं बरंच शिल्लक आहे.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. धाकटीला त्यातलं काहीच आठवत नाही. ती काहीही सांडते, फोडते आणि स्वतःच ओरडत येऊन सांगते. थोरलीला आठवतं. परवा ती शाळेतून आली आणि दुकानाबाहेरच उभी राहिली. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबली. दप्तरात नवा चष्मा होता, दुसऱ्याच आठवड्यात काच फुटलेला. पण ते मला नंतर कळलं. आधी ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, रस्ता ओलांडण्याआधी गाडी येतेय का बघावं तशी. काही सांगायचं असलं की ती अजूनही आधी असंच बघते. मी काउंटर सोडून बाहेर आलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो, आणि तिचं बघून होईपर्यंत काही बोललो नाही.