दारातल्या उन्हात पाहिलेला रंग
फाउंडेशनची नवी बाटली उघडली की तो गोडसर, पावडरीसारखा वास येतो आणि मला बेळगावच्या वडगावातलं आमचं मागाचं घर आठवतं. तेव्हा मला बँकेत पहिली नोकरी लागली होती. दुकानातल्या मुलीने सुचवलेलं फाउंडेशन मी घरी ट्यूबलाइटखाली लावलं आणि आरशात बघून स्वतःवरच खूश झाले. शेजारी माग खडखडत होता. आईने तो थांबवला, मला हाताला धरून दारात उन्हात नेलं आणि आरसा पुढं केला. चेहरा राख फासल्यासारखा पांढुरका, मान मात्र माझी सावळी. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "मी काळीच हाय, त्याला कोण काय करणार?" आई म्हणाली, "तुझा रंग बरोबर हाय गं. सूत चुकीचं आणलंयस तू." साडीच्या काठाला सूत जुळवायचं असलं की ती नेहमी दारात यायची, दिव्याखाली रंग फसवतो म्हणायची. केसांत सुताचे तंतू तसेच घेऊन ती माझ्याबरोबर दुकानात आली आणि टेस्टरच्या बाटल्या तिने बाहेर पायरीवर मागवल्या. दुकानातली मुलगी हसली. आई माझ्या गालाच्या कडेला एकेक ठिपका लावून, डोळे बारीक करून बघत राहिली. चौथा ठिपका गालात मिसळून दिसेनासा झाला. "ह्यो घे," म्हणत तिने तोच आपल्या मनगटावर लावला. तिथंही तो दिसेना. अजूनही दुकानात मला हमखास एक शेड उजळ सुचवतात. मी म्हणते, "नको, माझ्या आईचाच रंग द्या."